जबड्यातली काळी जागा

मुलगी एकाच बाजूने चावते आहे, हे एका रविवारी जेवताना माझ्या लक्षात आलं. तेव्हा ती बारा वर्षांची होती. मी तिचा गाल चाचपून पाहिला, तर डावीकडे खालच्या जबड्यावर दगडासारखा कडक फुगवटा हाताला लागला. दुखत नव्हता. दुखत असता तर मी इतकी घाबरले नसते.

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या आमच्या डेंटिस्टबाईंनी अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढला. एरवी सतत बडबडणाऱ्या बाईंनी तो स्क्रीनवर मोठा करून दोनदा पाहिला. मग म्हणाल्या, "हे हॉस्पिटलला दाखवायला हवं. मी आजच अर्जंट रेफरल पाठवते."

नवरा कामासाठी आठवडाभर कॉव्हेंट्रीला असायचा. फोनवर म्हणाला, "हे बघ, नेटवर काही वाचत बसू नकोस." तोवर माझं सगळं वाचून झालं होतं. जबड्याचं हाड काढून टाकलेल्या माणसांचे फोटोही पाहिले होते. ते मी त्याला सांगितलं नाही.

हॉस्पिटलमध्ये सर्जनने तोच एक्स-रे समोर धरला. हाडात सुपारीएवढी काळी, गोल जागा होती आणि तिच्या तळाशी कधीच वर न आलेली एक दाढ आडवी पडली होती.

"बहुतेक सिस्ट आहे," तो म्हणाला. "न उगवलेल्या दाताभोवती पाणी साचून होते ती. पण काही ट्यूमरही एक्स-रेत असेच दिसतात, म्हणून काढून लॅबला पाठवू. तोवर शाळेत नेटबॉल खेळणं बंद. हाड पातळ झालंय, जोराचा धक्का बसला तर मोडेल."

मुलगी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच देते. त्या दिवशी मात्र, सर्जनला कळू नये म्हणून, माझी बाही ओढून कुजबुजली, "आई, मला कॅन्सर झाली का? माझी तोंड कापणार?"

"नाही गं."

"मग तू का रडते?"

सर्जनने टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवला.

ऑपरेशनच्या दिवशी तिला गुंगी येईपर्यंत मला आत थांबू दिलं. माझ्या बोटांवरची तिची घट्ट पकड एकाएकी सुटली आणि मी किंचाळणारच होते. नर्सने दंडाला धरून बाहेर आणलं. कॉरिडॉरमध्ये नवरा आणि मी शेजारी बसलो, पण एकमेकांकडे बघायची हिंमत होत नव्हती.

ती शुद्धीवर आली तेव्हा गाल टम्म सुजला होता आणि खालचा ओठ बधिर होता. पाणी प्यायली की हनुवटीवरून ओघळायचं, तिला कळायचंही नाही. जबड्यातली नस जवळच असल्याने असं होऊ शकतं, हे सर्जनने आधी सांगितलं होतं. तरी दर वेळी मीच पुढे होऊन तिची हनुवटी पुसायचे.

रिपोर्ट ऐकायला आम्ही तिघं गेलो. "सिस्टच होती. दुसरं काही नाही," सर्जन म्हणाला. मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. नवरा तिथेच तोंड झाकून रडायला लागला. मुलीने मात्र नेटबॉल कधी सुरू करू, एवढंच विचारलं.

पुढे ओठाला हळूहळू संवेदना आली. नंतरच्या एक्स-रेत ती काळी जागा कडेने पांढुरकी होत भरत चालली होती. वर्षातून एकदा तपासणी असते. अपॉइंटमेंटचा मेसेज आला की त्या रात्री मी जेवत नाही, पोट बरं नाही म्हणून सांगते.