रविवारी एकच भाग

भाग संपत आला की गायधनीकाका उठून टीव्हीशेजारी उभे राहत. पडद्यावर यानाचं दार उघडायचं, पलीकडून काहीतरी सरकत यायचं, आणि नावं झळकू लागली की काका भिंतीतला प्लग ओढून काढत. "आता पुढच्या रविवारी."

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ही इंग्रजी विज्ञानमालिका अजून चालू आहे, तिचे नवे भाग पुष्कळजण बघतात. काकांनी मात्र तिचे अगदी सुरुवातीचे भाग तरुणपणी, परदेशात भावाकडे असताना पाहिलेले. त्यांच्या मुलानं ते मिळवून दिल्यावर त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली, आणि सोबतीला माझी सायली बसू लागली. तेव्हा ती नववीत होती.

पुठ्ठ्याचं यान, हलणाऱ्या भिंती. मी एकदा हसलो. काका म्हणाले, "भिंत हलली म्हणून अवकाश खोटं होत नाही हो." सायलीनं माझ्याकडे बघून मान हलवली, जशी आई लहान मुलाकडे बघून हलवते.

मी घोटीजवळच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. अंबडच्या कारखान्यात साहेबांशी इंग्रजी बोलताना मला अजून घाम फुटतो. सायलीचं इंग्रजी सुटलं ते काकांमुळे. त्याबद्दल मी कृतज्ञ होतो, आणि जळतही होतो. घरात "हं", "नको" एवढंच बोलणारी मुलगी त्यांच्या दारातून बडबडत बाहेर यायची.

"काका, आठवड्याला एक म्हणजे संपणार कधी?" मी विचारलं.

"माझ्याच्यानं नाही संपायची. म्हणून काय दोन घास एकदम कोंबायचे?"

शेवटी मीच ती मालिका मोबाइलवर घेतली. शुक्रवारी घरी येताच म्हणालो, "ये, पुढचा भाग बघू."

"पप्पा, तो रविवारचा आहे ना."

"एकदा माझ्याबरोबर बघ की."

ती बसली. अंधाऱ्या बोगद्यातून हात पुढे आला तेव्हा दचकून तिनं माझा दंड धरला. गोष्ट मला फारशी कळली नाही, पण मी खूश होतो.

रविवारी मीही समोर गेलो. तोच भाग, तोच बोगदा. सायलीनं उशी घट्ट धरली, दचकली, "काका, कोण असेल हो?" म्हणाली. मी बघतच राहिलो. काकांचं मन राहावं म्हणून ती हे सगळं करत होती. माझ्यासाठी एवढे कष्ट तिनं कधी घेतले नव्हते.

ती गेल्यावर काका हळूच म्हणाले, "आज उशी जरा आधीच धरली तिनं." मी मान खाली घातली. "मला कळलं ते तिला सांगू नका. आणि तुम्हीही येत जा. तिसरी खुर्ची रिकामीच असते."

मग मी जात राहिलो. गेल्या थंडीत काका गेले. मालिका कितीतरी उरली होती.

सायली आता पुण्याला वसतिगृहात असते. रविवारी व्हिडिओ कॉल लावून आम्ही दोघं एक भाग बघतो, मी घरच्या टीव्हीवर, ती तिच्या खोलीत. मागच्या वेळी यानातले दिवे जायच्या आधीच तिनं उशी जवळ ओढली. मैत्रिणींबरोबर बघून झाला असणार.

"पप्पा, आता काय होईल हो?" ती म्हणाली.

"कोण जाणे," मी म्हणालो, आणि नावं झळकू लागताच उठून प्लग काढला.