पाइपवरचा उघडा हात

मी बंगळूरला निघाले त्या सकाळी पप्पांनी माझी बॅग तिसऱ्या मजल्यावरून जिन्यात फेकली. चेन तुटली आणि पुस्तकं पायऱ्यांवरून घसरत खाली गेली. आईने मागून त्यांचा सदरा इतक्या जोरात खेचला की बटणं तुटून उडाली. "एक पोरगा त्या आगीने खाल्ला, आता ही तीच आग शिकायला चाललीये," ते ओरडत होते. मी पुस्तकं गोळा केली, त्यातलं एक जाडजूड त्यांच्या अंगावर भिरकावलं आणि रिक्षात बसले. बदलापुरात, कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हा निरोप अजून चवीने सांगतात, हे मला ठाऊक आहे.

पप्पा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. माझ्या धाकट्या भावाला, मिलिंदला, त्यांनीच तिथे चिकटवलं होतं. रिॲक्टर म्हणजे खोलीएवढं बंद पातेलं. आत रसायन शिजतं, भोवतीने थंड पाणी फिरतं. ताप दाखवणारा डायल कित्येक महिने मेलेला होता, म्हणून तिथली माणसं परतीच्या पाण्याच्या पाइपवर उघडा हात ठेवून आकडे मोजायची. दहापर्यंत हात टिकला तर ठीक. पाचातच काढावा लागला तर आत माल सोडणं बंद करायचं आणि पाण्याचा कॉक पूर्ण उघडायचा. पप्पांचा तळहात या कामात मुरलेला होता आणि मिलिंद त्यांचाच चेला.

रिॲक्टर फुटला तेव्हा बदलापुरात आमच्या खिडक्या थरथरल्या नाहीत, काही नाही. आई भाकऱ्या थापत होती. संध्याकाळी मिलिंदला आणलं ते पूर्ण गुंडाळून, तोंडही बघू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर दगडफेक झाली, ऑफिसच्या काचा फुटल्या. शिफ्टचे साहेब लोकांच्या हाती लागले आणि पप्पांनी लोखंडी रॉडने त्यांचा हात मोडला. हाड तुटल्याचा आवाज मी ऐकला. मला बरं वाटलं, आता लपवून काय उपयोग. पोलीस केस झाली, पप्पांची नोकरी गेली आणि मी एमएस्सी संपताच बंगळूरच्या विद्यापीठात रिॲक्टर का फुटतात त्यावर पीएचडीला अर्ज टाकला.

तिथे आम्ही मुद्दाम स्फोट घडवायचो. लोखंडी भिंतीआड हंड्याएवढे रिॲक्टर, त्यांना वायरी जोडलेल्या, आणि आम्ही पलीकडून कॉम्प्युटरवर बघत. पहिल्या स्फोटाला मी तिथेच ओकले. दहाव्यानंतर भूक लागायला लागली. कानडीत "साकु, साकु", म्हणजे पुरे पुरे, म्हणत मेसमध्ये सांबार नाकारायला शिकले, स्वप्नंही अर्धी इंग्रजीत पडू लागली, पण प्रत्येक धडाक्याला मिलिंद आठवायचाच.

दीड वर्षाने पप्पा न कळवता आले. मी त्यांना लॅब दाखवली. स्फोट झाला तसे ते डोकं हातांनी झाकून जमिनीवर बसले आणि बराच वेळ उठेनात. मग म्हणाले, "त्या दिवशी इन्स्पेक्शन होतं. सगळ्यांना नवे हँडग्लोज दिले होते. साहेब येतील, दिवसभर काढू नको, असं मीच मिलिंदला बजावलं. जाड रबरातून दहा काय, पन्नासपण मोजता येतं. साहेबाचा हात मी उगाच मोडला गं."

मी त्यांच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत सुटले. त्यांनी हात वर केला नाही. लॅबमधल्या पोरांनी मला ओढून बाजूला केलं.

संध्याकाळी मेसच्या पायरीवर आम्ही दोघं बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, की हाताला नक्की काय कळतं. ते म्हणाले, "एकदा हात लावून काहीच कळत नाही. थोड्या वेळाने परत लावायचा. दहाचे आठ झाले तर चालतं. दहाचे चार झाले तर पळायचं."

माझी पीएचडी एवढीच आहे. ताप किती यापेक्षा तो किती वेगाने चढतो, हे बाहेरूनच ओळखून भोंगा वाजवणारा एक डबा. गाईडनी विचारलं, कल्पना कुठून आली, तर मी म्हटलं, घरून. मग विद्यापीठाने पेटंट घेतलं आणि एका लहान उद्योगाला तो डबा बनवायला दिला. आज पत्र्याचा डबा उल्हासनगरात ठोकला जातो आणि आतल्या वायरी अंबरनाथच्या बायका जोडतात. पदवीदानाला पाहुणे सांगतात की विद्यापीठातून ज्ञान निघतं, त्यातून उद्योग उभे राहतात, त्यातून देश वर येतो. खोटं नाही ते. फक्त त्या रांगेत सगळ्यात आधी कुणाची चामडी भाजते, ते भाषणात नसतं.

पप्पा आता तेच डबे कंपन्यांमध्ये बसवतात. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तसं डबा लावायच्या आधी आणि नंतर स्वतःचा हात पाइपवर ठेवून बघतात. मागच्या पावसाळ्यात दुपारी त्यांचा फोन आला.

"फुटला," ते म्हणाले. मागे लोक ओरडत होते, बंबाची घंटा वाजत होती. "शेड उडाली, पत्रे रस्त्यावर आलेत. भोंगा आधी वाजला. सगळे गेटबाहेर आहेत."

"सगळे?"

"चौदा. दोनदा मोजले मी."

मला आता कुणी 'तुमचं घर कुठलं' विचारलं की कात्रपचा फ्लॅट आठवत नाही, बंगळूरचं क्वार्टरही नाही. ते गेट डोळ्यांसमोर येतं, धुराने काळं पडलेलं, आणि समोर उभे राहून माणसं मोजणारे माझे वडील. त्या दिवशी फोनवर मी त्यांना म्हटलं, पप्पा, बसा आता, पाणी प्या.

"बसतो," ते म्हणाले. "चौदाच होते, बरोबर आहेत. पण मी अजून एकाला शोधतोय, वैशाली."