न गाळलेली पेज

नाचणीच्या पाकिटावर लोह, कॅल्शियम, तंतू यांची नावं संस्थानिकाच्या बिरुदांसारखी छापली आहेत. सगळं बळ कोंड्यात असतं म्हणे. म्हणून आज मी पेज फडक्यातून गाळलीच नाही. आजारी बायकोला दुसऱ्याच घोटाला ठसका लागला.

"गाळली नाहीत ना? अहो, तान्ह्या बाळालासुद्धा गाळून देतात."

"कोंड्यातच ताकद असते गं."

"मग तुम्हीच प्या."

चार दिवस तिच्या पोटात अन्न नाही. धान्याचे गुण खरेच असतील, पण घशाखाली उतरेपर्यंत ते नुसते छापील असतात. मी पेज गाळली. बळ फडक्यात राहिलं. उरलेल्या पातळ पाण्याचा चमचा तिच्या ओठांशी धरून म्हणालो, "एवढा एकच घोट, माझ्यासाठी."

पुन्हा ठसका लागेल या धास्तीने तिने तोंड उघडलं नाही.