आधी फडकं, मग माप

अभ्यासक्रम तयार करायला बसलं की अभ्यासक्रम सोडून बाकी सगळं तयार होतं, हा माझा अनुभव. मीटिंग संपते, चहाचे कप उरतात आणि एक किस्सा उरतो. कप धुऊन जातात, किस्से कुठं जाणार? ते साठतच राहतात. आमच्या कोर्सचा तिसरा मसुदा कुठं आहे विचाराल तर मला सांगता येणार नाही. किस्से विचारा, बसल्या जागी सांगतो.

मी अंबाजोगाईत एका खासगी तंत्रशिक्षण संस्थेत शिकवतो. मुलं मला कदम सर म्हणतात. आमचा कोर्स आहे तो असा. कारखान्यातला मोठा जॉब, म्हणजे टर्बाइनचं कवच म्हणा, उसाच्या चरकाचा रोलर म्हणा, मोजायच्या मशीनपाशी उचलून नेता येत नाही. मग मशीनच त्याच्यापाशी न्यावं लागतं. पेटीत घडी करून ठेवलेला, कोपर आणि मनगट असलेला एक यांत्रिक हात असतो. त्याच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा लाल मणी. तो मणी जॉबला टेकवला की केसापेक्षा बारीक फरकसुद्धा पडद्यावर दिसतो. असं फिरतं माप घेणाऱ्या लोकांना रीतसर प्रमाणपत्र द्यायचं आणि त्यासाठी परीक्षा ठरवायची, एवढंच आमचं काम. सांगायला किती सोपं!

कमिटीत तिघं. मी, प्रश्नपत्रिका आणि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या रुबीना मॅडम आणि गोविंद आप्पा. संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब कमिटीत नव्हते. ते फक्त प्रत्येक मीटिंगला असायचे.

* * *

पहिली जाहिरात बापूसाहेबांनी स्वतः दिली. ‘मोजणी तज्ज्ञ व्हा!’ असा मोठा मथळा आणि खाली त्यांचा फोटो.

सोमवारी सकाळी संस्थेच्या फाटकात ही गर्दी! मला वाटलं, आपला कोर्स चालला. जवळ गेलो तर निम्म्या लोकांच्या हातात सातबारा! सिरसाळ्याचे एक म्हातारे तर दुपारपर्यंत हटलेच नाहीत. मी त्यांना मशीन दाखवलं, मणी दाखवला, हे जमिनीचं नाही, लोखंडाचं माप घेतं असं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“म्हंजे केसाइतकं बारीक मोजतंय?”

“हो.”

“मंग भावानं हातभर बांध सरकवलाय, तेवढा मोजायला ह्याला काय हुतंय?”

मी त्यांना चहा पाजला आणि सिरसाळ्याच्या एसटीत बसवून दिलं.

* * *

गोविंद आप्पा मूळचे धारूरकडच्या डोंगरातले. घरात मेंढरं. हे एकटेच कारखान्यात गेले आणि उभी हयात ती पेटी घेऊन साखर कारखाने, जिनिंग, पवनचक्क्या असं फिरले. आता आमच्याकडे शिकवतात. बोलणं कमी आणि आवाज असा, की बोलले की वर्ग गप्प.

एकदा आम्ही दोघं एसटीनं निघालो होतो. कंडक्टरनं पेटी पाहिली आणि म्हणाला, “ह्याचं बी तिकीट लागंल. लगेज.”

आप्पांनी शांतपणे सांगितलं, “फुल द्या.”

तिकीट हातात आल्यावर त्यांनी पेटी खिडकीपाशी सीटवर ठेवली आणि स्वतः उभे राहिले. पुढच्या स्टॉपला गाडी भरली. लोक पेटी उचलायला लागले तसे आप्पा म्हणाले, “तिचं तिकीट काढलंय. ज्याला बसायचं त्यानं तिला इचारावं!”

कंडक्टरनं शेवटी आपली सीट आप्पांना दिली. मी मात्र उभाच आलो, कारण माझं तिकीट नुसतं माणसाचं होतं.

* * *

एका साखर कारखान्यातला किस्सा आप्पा स्वतः कधी सांगत नाहीत. मी तिथं होतो म्हणून मला ठाऊक.

गाळप सुरू व्हायच्या आधी चरकाचे रोलर मोजायला बोलावलं होतं. एक रोलर झिजलेला निघाला. तिथले इंजिनिअर आप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, “आप्पा, जरा ड्रॉइंगच्या जवळचं लिहा की. वरून फार प्रेशर आहे.”

आप्पांनी मशीनची घडी घालायला घेतली.

“आकडा तुमच्यापाशी हुताच, तर मला कशापायी बोलावलं?”

त्या कारखान्याचं आम्हाला परत बोलावणं आलं नाही. येताना फाटकावर आप्पांनी पास परत केला. तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. माझ्या पासवर ‘इंजिनिअर’ होतं. आप्पांच्या पासवर ‘हेल्पर’.

“प्रमाणपत्र न्हाई ना,” आप्पा म्हणाले. “कुटं बी गेलं तरी हेल्परच लिवत्यात. पोरीच्या लग्नात पाव्हण्यानं इचारलं, तुमी काय करता? व्याही मदे पडले, म्हणले कारखान्यात हेल्पर हायत. आता म्या मांडवात काय भांडू?”

मला फार वाईट वाटलं. गाडीत पेटी मी माझ्या मांडीवर घेतली.

* * *

मग परीक्षेचा मसुदा पुण्याला गेला आणि तिथून साने साहेबांचा फोन आला. आमच्या कोर्सला मान्यता द्यायची की नाही ते यांनी ठरवायचं होतं.

“शिकवणारे सगळे प्रमाणित आहेत ना?”

मी म्हटलं, “मी आहे. आप्पा नाहीत.”

“मग त्यांनाही परीक्षा द्यावी लागेल. पहिल्या बॅचबरोबरच.”

मीटिंगमध्ये हे सांगितल्यावर रुबीना मॅडम चिडल्या. “सर, ज्यांनी पोरांना शिकवलं त्यांनीच पोरांच्या शेजारी बसून पेपर द्यायचा?”

आप्पा मात्र खुश! “देतो की. लई दिसाची इच्छा हाय.”

बापूसाहेब पानाची पिंक टाकून आले आणि निकाल देऊन टाकला. “हे बघा आप्पा, पास झालात तर तुमी शिक्षक. न्हाई झालात तर माझा नाइलाज हाय. बिगर प्रमाणपत्राचा मानूस वर्गावर ठिवता येनार न्हाई. गेटवर बघू कायतरी.”

आप्पांनी मान हलवली. त्या दिवसापासून मला या कोर्सचा खरा कंटाळा यायला लागला.

* * *

उद्घाटनाचं सांगायचं राहिलं. पाहुणे म्हणून एक पुढारी बोलावले होते, नुकतेच निवडणूक हरलेले. सकाळची वेळ दिली होती, आले दुपारी. बाहेर ऊन असं, की लोखंडाला हात लावला तर चटका. आप्पा दोनदा म्हणाले, तापलेलं लोखंड फुगतं, आता मोजून उपयोग नाही. पण फोटोला काय त्याचं!

पुढाऱ्यांनी मशीनचा हात धरला, नारळाला मणी टेकवला, टाळ्या झाल्या. मग त्यांना विनोद सुचला.

“आप्पा, मला किती मतं कमी पडली ते मोजतं का हे?”

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. “न्हाई साहेब. समोर जेवडं हाय, तेवडंच मोजतंय.”

तो फोटो संस्थेत लावलेला आहे. त्यात एकटे आप्पाच गंभीर आहेत.

* * *

लेखी पेपरात आप्पांनी एकच प्रश्न घातला होता. ‘आकडा चुकीचा येतोय असं वाटलं तर पहिल्यांदा काय कराल?’

सराव परीक्षेत उत्तरं अशी आली: मशीन बंद करून चालू करू. सरांना फोन करू. कंपनीला मेल करू. बापूसाहेबांचा पुतण्या विक्की याच बॅचमध्ये होता. त्यानं लिहिलं, ‘ड्रॉइंग बदलू’. खरं सांगायचं तर नोकरीत पुढं जाईल तो विक्कीच!

आप्पांनी फळ्यावर उत्तर लिहिलं, ‘आधी फडकं घ्यायचं.’ मग म्हणाले, “धूळ हाय का, तेल हाय का, बघायचं. पुसायचं. मंग मोजायचं. मशीनवर संशय घ्यायच्या आदी जॉबवर हात फिरवा रे.”

पोरांनी वहीत उतरवून घेतलं. वहीत उतरवलं की काम झालं, असं आमच्याकडे मानतात.

* * *

आता परीक्षा. साने साहेबांना दुसरी तारीख नव्हती, म्हणून ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आली.

प्रात्यक्षिकाला एक पोलादी ठोकळा ठेवला होता. त्याची उंची मोजायची आणि आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा. खरा आकडा मी आधीच्या आठवड्यात मोजून ठेवला होता. तो फक्त मला आणि अध्यक्ष बापूसाहेबांना माहीत असावा, असा नियम होता. नियम अध्यक्षांनीच घातला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. बापूसाहेब स्वतः येतात. मशीन, पेटी, पाने-पक्कड, सगळं चौरंगावर मांडतात आणि आपल्या हातानं हळदकुंकू लावतात. मी सासुरवाडीला गेलो होतो, त्यामुळे यंदा काय काय मांडलं ते मला ठाऊक नव्हतं. परीक्षेच्या सकाळी धापा टाकत पोचलो तोवर आप्पांनी मशीन आत लावलं होतं आणि साने साहेब व्हरांड्यात टेबलापाशी बसले होते. खोलीत एका वेळी एकच जण सोडायचा. माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा बारीक मापाला नडते, म्हणून आप्पांनीच घातलेली ही शिस्त. आप्पा सर्वांत शेवटी जाणार होते.

पोरं एकेक आत जात होती, थोडा वेळ थांबून बाहेर येत होती, चिठ्ठी देत होती. विक्की तर शीळ घालतच बाहेर आला. शेवटी आप्पा गेले. त्यांना बराच वेळ लागला. रुबीना मॅडम पदराशी चाळा करत बसल्या होत्या. मीही देवाचं नाव घेतलं, उगाच कशाला लपवा.

साने साहेबांनी चिठ्ठ्या माझ्या आकड्याशी लावून पाहिल्या. सगळी पोरं बरोबर! शेवटच्या अंकापर्यंत बरोबर! फक्त आप्पांचा आकडा जास्त. थोडाथोडका नाही, आमच्या धंद्यात तोंड लपवावं इतका जास्त.

साने साहेब चांगले माणूस, त्यांनाही ते जड गेलं. ते हळूच म्हणाले, “आप्पा, घाई झाली असेल. पुन्हा आत जाऊन बघता का? बाकी सगळ्यांचा एकच आकडा आलाय.”

“त्यांचा येऊ द्या. माजा ह्योच हाय.”

“अहो, नापास व्हाल.”

“मंग नापास लिवा. हाय त्याच्यापरीस कमी म्या कसा लिवू? वर कुंकू हाय, कुंकवासकट मोजलंय.”

“कुंकू?”

आम्ही सगळे आत गेलो. ठोकळा पूजेत मांडलेला होता! वरच्या अंगावर हळदकुंकवाचा ओला लेप पाचही बोटांनी सढळ हातानं ओढलेला, आता वाळून पापुद्रा धरलेला. साने साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून पाहिलं. मण्याचे बारीक गोल ठसे त्या कुंकवात उमटले होते. एकाच ओळीत, एकाच माणसानं टेकवलेले. बाकी कुंकू जसंच्या तसं, कुणाचं बोटसुद्धा न लागलेलं.

साने साहेबांनी वळून पोरांकडे पाहिलं. पोरं जमिनीकडे पाहत होती. शीळ थांबली होती.

“आप्पा, तुम्हीच शिकवता ना, आधी फडकं घ्यायचं म्हणून? मग पुसलं का नाही?”

“पूजेचं कुंकू हाय. ज्यानं लावलं त्यानंच पुसायचं, आसं हाय आमच्यात. मला पुसायचा हक्क न्हाई. मोजायचा हाय, म्हणून मोजलं.”

एवढ्यात बाहेर गाडी थांबली. कालपासून गावोगाव सोनं वाटून दमलेले बापूसाहेब आपट्याची पानं घेऊन हसत आत आले.

“काय साने साहेब, झाले का सगळे पास?”

साने साहेब चष्मा पुसत राहिले. आप्पांनी खिशातून घडी केलेलं स्वच्छ फडकं काढलं आणि दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं, बापूसाहेबांच्या पुढं धरलं.

“बापूसाहेब, तुमीच लावलंय. आता तुमीच पुसा!”