डब्यातली बाई

ती केस मला आजही आठवते, कारण माझ्या बायकोनं ती मला चाळीस वर्षं विसरू दिली नाही. बायको गेली त्याला आता दोन वर्षं होतील. घरात आठवण काढणारं कोणी उरलं नाही, म्हणून लिहून ठेवतो. नाव कोणाचंच लिहिणार नाही, ठाण्याचंही नाही. सोनपेठच्या अंगाचं एक बाजाराचं गाव, एवढं पुरे.

आमचा मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी त्या ठाण्यात जमादार होतो. शिक्षण चार बुकं, तीही उर्दूत. आता कागद मराठीत लिहायचे होते. त्यामुळं मी लिहायचो कमी आणि दरडावायचो जास्त. फौजदारसाहेब कोर्टाच्या कामाला परभणीला गेले होते आणि ठाणं माझ्या हवाली होतं. चार दिवस ठाणं हातात आलं की माणसाला वाटतं, आपल्या वेळेला एखादा मोठा गुन्हा घडावा. खोटं कशाला बोलू, मलाही वाटत होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी एक मेंढपाळ पळतच ठाण्याच्या ओट्यावर आला. म्हातारा गडी, रानात राहणारा, गावात आठवड्याला एकदा येणारा.

"साब, बाई कापलीय!"

"कोणाची बाई?"

"ते न्हाई ठावं. हाटेलात च्या पेत बसलो हुतो. बाजूला दोघं बोलायलेत. बाईचं मुंडकं आन् हात कापून डब्यात घातलाय म्हनत्यात. डबा दुपारच्या यष्टीनं जायलाय."

"तू डोळ्यानं काय पाहिलंस?"

"काय बी न्हाई. ऐकलं आन् पळालो. बकरी तिथंच बांधून आलोय. बकरी गेली तर तुमी बघा."

पोलिसाला खबर देणारे बहुतेक दोन तऱ्हेचे असतात. एक वैर काढणारा, दुसरा बक्षिसाला हपापलेला. हा दोन्हींतला नव्हता. त्याला बकरीची काळजी होती. असा माणूस खोटं बोलत नाही, हे मी तेव्हाही जाणत होतो. तो खोटं बोललाही नाही. मी रोजनामच्यात नोंद घेतली आणि शिपायाला हॉटेलावर पिटाळलं.

शिपायानं आणले ते दोघे मला चांगले माहीत होते. एक शिंपी, त्याला गाव मास्तर म्हणायचं. पांढरी टोपी, कानामागं खडू. दुसरा पानपट्टीवाला, ओठ कायम लाल. दोघांवर आजवर साधी तक्रार नव्हती. मला वाटलं, असले गरीब दिसणारे यात आहेत, म्हणजे पाणी खोल आहे. दोघांना वेगवेगळं विचारायची रीत आहे. पण आमच्या ठाण्याला कोठडी सोडली तर खोली एकच, म्हणून दोघांना समोरासमोर बसवलं.

"बाईला कोणी मारलं?" मी एकदम विचारलं. हा माझा डाव असे. माणूस दचकला की खरं बोलतो.

दोघं दचकले नाहीत. मास्तर म्हणाला, "नवऱ्यानं."

"का?"

"संशय, जमादारसाब. बाई बिचारी सोन्यासारखी. पर ह्याच्या डोक्यात किडा."

"कशानं मारली?"

"कोयत्यानं," पानवाला म्हणाला. "काय कोयता फिरवलाय, साब! लय झ्याक."

मी टाक खाली ठेवला. "तुला झ्याक वाटलं?"

"आता घरचं कामधाम सोडून मानूस जातोय, तर रगत दिसायला पाहिजे का न्हाई?"

"ह्याचं असंच हाय," मास्तर उसळला. "साब, आमच्या वक्ताला असं नव्हतं. आमी देवाधर्माचं पाहिलं. देव राक्षसाला मारायचा, पर थेंबभर रगत दिसत नव्हतं. राक्षस मरताना बी हात जोडायचा. आन् आता बायाबापड्या, लेकरं समोर बसलेली असताना बाईवर कोयता चालवायचा? आप्रेटरनं कापली ते लय चांगलं केलं."

"चांगलं केलं? मास्तर, ज्या भागाला लोकं किंचाळत्यात तोच कापला. आता राहिलं काय? दार!"

गावातले दोन प्रतिष्ठित लोक एका बाईच्या मुडद्यावरून भांडत होते, आणि तेही कसा कापावा यावरून. पण एक धागा हाती आला होता. "आप्रेटर म्हणजे तंबूतला?"

"तोच की. कात्रीनं कापली."

"अरे, कोयत्यानं की कात्रीनं?"

"नवऱ्यानं कोयत्यानं, आप्रेटरनं कात्रीनं," मास्तरनं मला समजावून सांगितलं, जसं काही मीच मंद.

"कात्रीनं माणूस कापतं का?"

"सगळी न्हाई कापली, साब. नुस्तं मुंडकं आन् हात. बाकी बाई हाय अख्खी."

मी सगळं लिहून घेतलं. तो कागद पुढं मी स्वतः चुलीत घातला.

गावाबाहेरच्या माळावर पंधरा दिवसांपासून सिनेमाचा तंबू लागला होता. मी तिकडं बंदोबस्ताला शिपाई धाडायचो, स्वतः कधी गेलो नाही. पोलिसानं अंधारात बसून खोट्या गोष्टीला रडणं मला हलकं वाटायचं. घरातही बजावून ठेवलं होतं, जमादाराची बायको तंबूत दिसता कामा नये.

आप्रेटरला धरून आणलं. बाहेरगावचा, वाळका माणूस. सदऱ्यावर लाल डाग. मी डागाकडं बोट केलं. तो म्हणाला, पानाचा आहे. सगळे असंच म्हणतात.

"तुझी बायको कुठंय?"

"गेली, साब."

"कुठं गेली?"

"काय सांगू?" म्हणाला आणि रडायला लागला. "तंबूच्या धंद्याला विटली होती."

"बाई तूच कापलीस?"

तो खाली बसला. माझे पाय धरले. "मीच कापली, साब. बघवत नव्हतं. रोज डोळ्यासमोर तेच. एका दिवशी एक गरोदर बाई फिट येऊन पडली, तवा माझ्यानं राहवलं न्हाई. पर मालकाला कळू देऊ नका. पोटावर पाय येईल."

"अरे, फासावर जाशील! पोट कसलं घेऊन बसलास? डबा कुठंय?"

"खोलीत, खाटंखाली. दुपारी मालक पेटी यष्टीनं पुढल्या गावाला न्यायलेत. तवर तुकडा जोडतो म्हनलं होतं."

तुकडा जोडतो! इतका निर्ढावलेला आरोपी मी पाहिला नव्हता. त्याला कोठडीत घातलं. खोलीवर पहारा बसवला, यष्टी थांबवायला शिपाई धाडला आणि सांगून ठेवलं, जेवून येतो. आल्यावर पट्टा काढीन आणि बायकोचा मुडदा कुठं पुरला ते वदवीन. पट्टा त्या काळात सगळेच काढत. मी काढत नव्हतो असं लिहिलं तर ते खोटं होईल.

घरी ठाण्याचं बोलायचं नाही हा माझा नेम. त्या दिवशी मोडला. छाती फुगली होती ना. भाकरी मोडता मोडता म्हणालो, "आज खून उघडकीला आणला. नवरा संशयी, बायको सरळ. कोयत्यानं मुंडकं आणि हात तोडला."

ती तव्यावर भाकरी टाकत होती. पाठमोरीच म्हणाली, "आन् पेटीत घालून माडीवर ठेवतो."

"हां. आणि..." मी थांबलो. "तुला कोणी सांगितलं?"

भाकरी करपायला लागली तरी तिनं ती उलटली नाही.

"मी विचारतोय."

"तुमी कोणाला धरलंय का?"

"तंबूतल्या आप्रेटरला. त्यानंच बायको मारली. आता जाऊन सोलतो त्याला."

तिनं तवा खाली उतरवला. ती मला भीत होती. सगळं गाव भीत होतं, ती तर घरात राहणारी. तोंड दाबून बसली असती तर मला कधी कळलं नसतं. पदरानं हात पुसले आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"अवो, ती बाई सिनेमातली हाय. रातच्याला पेटीतनं तिच्या बांगड्या वाजत्यात. मी पाहिलाय."

"तू?"

"तीनदा. शेजारनीसंगं. काय करायचं ते मला करा, त्या गरिबाला हात लावू नका. त्यानं फितीचा तुकडा कापलाय, मानसाचा न्हाई. त्याची बायको रुसून माहेराला गेलीया, सगळ्या बायांना ठावं हाय. तुमालाच तेवढं कसं न्हाई कळलं?"

मी तसाच उठलो. दोन पंच घेतले, खोली उघडली. खाटेखाली पत्र्याचा चपटा डबा होता. पंचांसमक्ष उघडला. आत हातभर फितीची गुंडाळी. उन्हात धरून पाहिली. नखाएवढी बाई, तिच्यापुढं नखाएवढा नवरा, वर उचललेला कोयता. खालच्या चौकटीत तेच, त्याच्या खालच्यातही तेच.

"मला बी बघू द्या की," पहिला पंच म्हणाला. दाराशी तोवर गर्दी जमली होती आणि एकेक जण फीत उन्हाला लावून बघायला लागला. रांगेत सगळ्यात पुढं मेंढपाळ होता. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाला, "बघा, मी म्हनलो हुतो का न्हाई? डब्यातच हाय." त्याची बकरी सुरक्षित होती.

मी आप्रेटरला सोडलं. त्यानं माझ्यासमोर फीत जोडली, मालकाला कळलं नाही. यष्टी तासभर उशिरा निघाली, तिचं कारण मी रोजनामच्यात ‘रहदारी बंदोबस्त’ असं लिहिलं. मास्तर आणि पानवाला ठाण्याच्या पायरीवर भांडतच होते, तुकडा जोडला हे बरं की वाईट.

संध्याकाळी घरी आलो. ती कोपऱ्यात बसली होती, रागावण्याची वाट बघत. मी काय रागावणार? मी विचारलं, "तू सिनेमा दोन्ही तऱ्हेनं पाहिलास, कोयत्यासकट आणि कापलेलाही. कोणाचं खरं? मास्तरचं की पानवाल्याचं?"

मी थट्टा करत नाही हे कळल्यावर ती म्हणाली, "दोघांचं बी खोटं. कोयता दिसला तवा मी डोळे मिटले आन् मोकळी झाले. पर फीत कापल्यावर नुस्तं दार लागतं. आत बांगड्या वाजत्यात, मग थांबत्यात. त्या दिवशी मला झोप आली न्हाई."

मी हसलो. म्हणालो, तू वेडी आहेस, न दिसणाऱ्या गोष्टीला कोण भितं? पुढल्या तंबूला मी तिला स्वतः घेऊन गेलो. तिकिटाच्या रांगेत ती मोठ्यानं म्हणाली, "जमादारसाब, आतली बाई जिती हाय बरं का, पंचनामा नका करू." सगळी रांग हसली. मग हे चाळीस वर्षं चाललं, नातवंडांपुढंही.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच, की सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट पोलिसाला शेवटी कळते, आणि तीही घरातली बाई न भिता बोलली तरच. त्या दिवसानंतर मी जेवून आल्याशिवाय पट्ट्याला हात लावला नाही. आणि जेवताना तिला सांगितल्याशिवाय तर नाहीच. हळूहळू पट्टा खुंटीलाच राहिला.

नोकरीत मी खरे खून पाहिले, मुडदे उचलले, विहिरीतून काढले. ते आता डोळ्यासमोर येत नाहीत. दोन वर्षांमागं दवाखान्यात तिला आत नेलं आणि मला बाहेर बाकड्यावर बसवलं. दार लागलं. आत तिच्या बांगड्या वाजत होत्या, मग थांबल्या. मी काहीच पाहिलं नाही.

तिचंच म्हणणं खरं होतं.