मालिकेतल्या बापावर खवळलेले अप्पा

मंडळी, आज दुपारचं सांगते. घरी, आमच्या ईट गावात, आम्ही रॅप गाणाऱ्या पोरांची मालिका बघत होतो. त्यात बापानं पोरीचा माईक लपवला, तसे आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, खवळले. "लई नालायक माणूस हाय. पोरगी गाती तर गाऊ दे की."

आईनं नुसतं ज्वारीच्या कोठीकडं बघितलं. गेल्या महिन्यात अप्पांनी माझा माईक काढून घेतला होता. तो कोठीत आहे, हे मला तेव्हा कळलं.

अप्पा उठले. ज्वारीत कोपरापर्यंत हात घालून माईक काढला, उपरण्यानं पुसून माझ्यापुढं ठेवला.

"चालतोय का बघ. अन् त्या बापावर एक खरमरीत गाणं रच."

रचायला बसलेय. तुम्हीच सांगा, सुरुवात कुठल्या बापापासून करू?