केरबाची झील

शाहिराच्या मागं उभं राहून, कानावर हात ठेवून 'जी जी' ओढतो तो झीलकरी. शिवाजी पेठेतल्या तात्यांच्या शाहिरी पार्टीत हे काम केरबाचं, अन् मी तुणतुण्याला. केरबाचा आवाज म्हणजे पत्रा फाटावा तसा, पण लोक त्यावरच खूश असायचे. आमची पहिली कॅसेट तालमीतच भरली होती. तिच्यात डफ, शिट्ट्या, कुणाचा तरी खोकला, सगळं ऐकू यायचं आणि त्या सगळ्यावर केरबा.

त्र्याऐंशी साली दुसरी कॅसेट मुंबईत भरली. आम्ही गाऊन परत आलो, तात्या मात्र मागं राहिले. कॅसेट आली ती एकदम गुळगुळीत. मागं व्हायोलिनं, डफ मऊ, झील तर साखरेच्या पाकातली.

"तात्या, ह्यात मी न्हाय," केरबा म्हणाला.

"तूच हाईस की! मशीन आवाज धुऊन काढतंय, येड्या."

केरबाला ते पटलं नाही. चहाच्या गाडीवर कॅसेट लागली की हातातला कप गार होईस्तोवर तो ऐकत बसायचा. बायकोला, चिमणाबाईला, विचारायचा. ती म्हणायची, "एवढं गोड गाणारा नवरा असता तर पेठेत मिरवलं नसतं व्हय मी?" मला तात्यांचा राग यायचा. एकदा खरं सांगून टाकायला त्यांचं काय जात होतं?

त्याच वर्षी बिद्रीकडच्या एका गावानं जत्रेला बोलावलं. तिथं घरोघर नवी कॅसेट वाजत होती. केरबानं पहिली झील ओढली आणि माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

"पार्टी डुप्लिकेट हाय!" कोणीतरी ओरडलं.

जत्रा कमिटीचे आण्णा स्टेजवर चढले. टेप मागवला, माइकला लावला. गोड झील गावभर घुमली.

"शाहीर तुमी, कबूल. पर ही झील कुणाची?"

तात्यांनी केरबाकडं बोट केलं.

"खरं सांगा पावणं, ह्यो आवाज तुमचा?"

केरबानं तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी मान खाली घातली. केरबाला हवं ते उत्तर मिळालं, तेही भर स्टेजवर. तो 'न्हाय' म्हणाला असता तर पार्टी त्या रात्रीच लबाड ठरली असती.

"माझाच की," केरबा म्हणाला. "आज घसा बसलाय."

कोणीतरी लगबगीनं पेलाभर गरम पाणी आणून दिलं. केरबा ते सगळ्यांसमोर प्याला.